घराची मोरी आणि हवेची नळी

नवे घर बांधावयास काढले म्हणजे घरधनी महिनोन्‌महिने ज्या गोष्टींचा खल करतो त्यांत दर्शनी भिंतीची फरशी असते, जिन्याचा कठडा असतो, दाराचे लाकूड असते. मोरीचे पाणी कोठून निघेल व कोठे जाईल हा प्रश्न मात्र गवंड्यावर सोपविला जातो, आणि गवंडीही तो शेवटच्या आठवड्यापर्यंत पुढे ढकलतो. कडोदऱ्यास महामार्गाच्या आजूबाजूला ज्या सोसायट्या उभ्या राहिल्या त्यांत आपल्या कितीतरी कुटुंबांनी आयुष्याची पुंजी घातली आहे. बारा फूट रुंद आणि पंचेचाळीस फूट खोल अशा जागेत दोन मजले उठतात. घर देखणे होते, आणि वर्षभरात खालच्या संडासातून गुडगुड आवाज येऊ लागतो, सकाळी न्हाणीत दुर्गंधी भरून राहते. मग फिनेल येते, उदबत्ती येते. दुर्गंधीचे कारण बहुधा अस्वच्छता नसतेच. नळांची आखणी चुकलेली असते.

हे नळकाम करणाऱ्यांचे क्षेत्र, त्यात शाळामास्तराने का पडावे, असे कोणी म्हणेल. परंतु मोरीच्या नळांत जे घडते ते सारे शाळेच्या पुस्तकातील हवेच्या दाबाचे धडे होत. सरबत पिण्याची नळी पाण्यात बुडवावी, वरचे तोंड बोटाने घट्ट दाबावे आणि नळी वर उचलावी. आतले पाणी खाली पडत नाही. बोट काढताच पडते. आमच्या वर्गातील मुले हा प्रयोग हसत हसत करतात. संडासाच्या उभ्या नळालाही हाच नियम लागू आहे. तेथे बोट ठेवण्याचे काम गवंडी करतो. नळ गच्चीच्या वर नेण्याऐवजी वरच्या मजल्यावरच त्याला टोपी घालून तो बंद करतो, आणि दहा फूट नळाचे पैसे वाचविल्याचे घरधन्यास सांगतो.

आता त्या दहा फुटांनी काय बिघडते ते पाहू. संडासाच्या भांड्याखाली, बेसिनखाली आणि न्हाणीच्या जाळीखाली नळ मुद्दाम वाकविलेला असतो. त्यास ट्रॅप म्हणतात. त्या वाकणात नेहमी साचून राहणारे पाणी म्हणजे घर आणि गटार यांच्यामधील दार होय. लंडनचा घड्याळजी अलेक्झांडर कमिंग याने १७७५ साली असे वाकण असलेल्या शौचकूपाचे पेटंट घेतले. त्यानंतर भांडी बदलली, माती-लोखंडाच्या जागी प्लास्टिकचे नळ आले, पण पाण्याचे दार बहुतेक घरांत तसेच टिकून राहिले. हे दार केवढे? सुमारे दोन इंच उंचीच्या पाण्याचे. एवढ्याशा पाण्यावर सबंध घराचे आरोग्य टेकलेले असते.

जाता जाता एक गंमत सांगतो. जमिनीत बसविण्याच्या या ट्रॅपला नळकामाच्या इंग्रजी पुस्तकांतही ‘न्हाणी ट्रॅप’ असेच नाव आहे. शब्द आपला, आपल्या न्हाणीघराचा. भारतभर काम करणारे कितीतरी प्लंबर ओडिशातील केंद्रापाडा जिल्ह्याचे असतात. त्या जिल्ह्यात पट्टामुंडाई येथे या विद्येची सरकारी संस्थाही आहे. तेव्हा ओडिया कारागीर गुजरातेतील दुकानात जाऊन मराठी न्हाणी मागतो, हे दृश्य कडोदऱ्यास काही अपूर्व नव्हे.

तर हे दोन इंच पाणी नाहीसे कसे होते? वरच्या मजल्यावर कोणी बादलीभर पाणी ओतले की उभ्या नळातून ते पिचकारीच्या दट्ट्यासारखे खाली येते. दट्ट्याच्या पुढची हवा दाबली जाते आणि मागे पोकळी होऊ लागते. नळाचे वरचे तोंड उघडे असेल तर बाहेरची हवा ताबडतोब आत शिरून ती पोकळी भरून काढते. तोंड बंद असेल तर हवा कोठून तरी यावयासच हवी. ती ट्रॅपमधून येते, म्हणजेच ट्रॅपमधले पाणी ओढून घेते. गुडगुड आवाज तो हाच. घरची मंडळी समजतात नळ तुंबला, आणि तुंबलेला नळ मोकळा करणारा मनुष्य बोलावतात. तो सळई घालतो, पैसे घेतो, आणि चार दिवसांनी गुडगुड पुन्हा सुरू होते. कारण पाण्याची वाट मुळात मोकळीच होती, अडली होती ती हवेची.

तळमजल्यावर उलट गोष्ट घडते. उभ्या नळाच्या पायथ्याशी पाणी एकदम आडवे वळते, तेथे दाबलेली हवा कोंडते, आणि खालच्या संडासाच्या भांड्यातून बुडबुडे उडतात. म्हणून जाणते कारागीर तळमजल्याचा संडास त्या उभ्या नळाच्या पायथ्याला जोडीत नाहीत. त्याचा नळ वेगळा काढून थेट बाहेरच्या चेंबरमध्ये सोडतात. आणि पायथ्याशी काटकोनी वाकण न घालता दोन अर्धी वाकणे घालून पाण्याला सावकाश वळवितात. दोन्ही गोष्टींना खर्च फारसा नाही. आधी सुचल्या पाहिजेत इतकेच.

पाणी जाण्याचा आणखी एक मार्ग अगदी साधा आहे: ते वाळून जाते. मे महिन्यात शाळांना सुटी लागली की आपली मंडळी घराला कुलूप लावून धुळे-नंदुरबारकडे गावी जातात. महिनाभराने परत येऊन दार उघडावे तो घरात नाक धरावयाची पाळी. न्हाणीच्या ट्रॅपमधले पाणी उन्हाळ्याने आटलेले असते आणि गटाराची हवा सरळ घरात आलेली असते. हा केवळ नाकाचा प्रश्न नव्हे. २००३ च्या मार्च महिन्यात हाँगकाँगमधील अमॉय गार्डन्स या उंच इमारतींच्या वसाहतीत सार्स नावाचा श्वसनरोग पसरला आणि तीनशेहून अधिक रहिवाशांना त्याने गाठले. तेथील आरोग्य खात्याने शोध घेतला तेव्हा बोट न्हाणीघरांकडे वळले. कित्येक घरांत जमिनीतील ट्रॅप कोरडे पडले होते. न्हाणीघरात हवा बाहेर फेकणारा पंखा लावला की तो त्या कोरड्या ट्रॅपमधून गटाराची हवा, रोगाच्या सूक्ष्म तुषारांसह, घरात ओढून घेत होता. आज आपल्याकडेही लहान न्हाणीघरात असा पंखा लावण्याची चाल पडली आहे. पंखा अवश्य लावावा, परंतु दाराखाली हवा शिरण्यास फट ठेवावी, आणि जो ट्रॅप रोज भिजत नाही त्यात आठवड्यास तांब्याभर पाणी ओतावे. गावी जाताना ट्रॅप पाण्याने भरून वर चमचाभर गोडेतेल सोडले तर पाणी लवकर आटत नाही. तेलाचा पातळ थर झाकणाचे काम करतो. ज्या घरात वजूसाठी वेगळी जागा केलेली असते तेथील ट्रॅप दिवसातून पाच वेळा भिजतो. म्हणून आम्ही असे सुचवितो की वजूच्या जागेचे पाणी त्या ट्रॅपमधून काढून न्हाणीच्या ट्रॅपमध्येच सोडावे, म्हणजे दोन्ही सदैव भरलेले राहतील.

हवेच्या नळीची उंची किती असावी? संडासाचा उभा नळ चार इंची असतो, तो त्याच जाडीने सरळ वर न्यावा. ज्या गच्चीवर माणसांचा वावर आहे त्या गच्चीपासून तो निदान दोन मीटर, म्हणजे साडेसहा फूट वर असावा, असा आपल्या देशातील बांधकामाच्या मानकांचा दंडक आहे. सुरतेच्या बाजूला हा दंडक विशेष पाळावयास हवा. उन्हाळ्यात माणसे गच्चीवर निजतात, बायका पापड-वड्या वाळवितात, आणि १४ जानेवारीला उत्तरायणाच्या दिवशी तर आबालवृद्ध सारे घर पतंगासाठी गच्चीवरच असते. नळी कमरेएवढी ठेवली तर जी हवा घरातून बाहेर घालविली तीच गच्चीवर नाकाशी आली. शेजाऱ्याची खिडकी जवळ असेल तर नळीचे तोंड त्या खिडकीच्याही वर हवे. घरे भिंतीला भिंत लागून असतात, तेव्हा हा केवळ शेजारधर्माचा नव्हे, उद्याच्या भांडणाचाही प्रश्न आहे. तोंडावर जाळीची टोपी बसवावी, म्हणजे डास व पक्षी आत शिरणार नाहीत. जाळी मात्र इतकी बारीक नको की धुळीने व जळमटांनी बुजून जाईल.

हवेचे झाले, आता पाण्याचे. नळांची आखणी घरातून सुरू करून बाहेर न्यावयाची, असा सर्वांचा समज असतो. ती उलटी करावी. प्रथम रस्त्यावरील गटाराच्या चेंबरचे झाकण उघडून आतला नळ जमिनीपासून किती खोल आहे ते मोजावे आणि तेथून मागे मागे संडासापर्यंत यावे. चार इंची नळाला दर चाळीस फुटांस एक फूट ते दर साठ फुटांस एक फूट, या दरम्यान उतार लागतो. संडास घराच्या मागील टोकास व गटार पुढे असेल, तर पंचेचाळीस फुटांत साठास एक या मानाने नऊ इंच आणि चाळीसास एक या मानाने साडेतेरा इंच उतार झाला. आरंभी नळावर मातीचे जे आवरण हवे ते वेगळेच. एवढी खोली रस्त्याच्या गटाराला नसेल तर जोत्याची उंची वाढविणे भाग आहे, आणि हे पाया भरण्यापूर्वी कळले पाहिजे. पाया भरल्यावर कळते तेव्हा गवंडी उतार चोरतो.

उतार कमी असला तर मळ तळाशी बसतो हे सर्वांस कळते. तो फाजील असला तरीही बिघडते हे मात्र फारसे कोणास पटत नाही. फार उतारावर पाणी पुढे पळून जाते आणि घन पदार्थ मागे राहतात. म्हणून ‘जितका जास्त तितका बरा’ हा न्याय येथे चालत नाही. गवंड्याची पाणसळ किंवा साधी पारदर्शक रबरी नळी पाण्याने भरून दोन्ही टोके मोजली की घरधन्यालाही उतार स्वतः पाहता येतो.

आमच्या या भागात आणखी एक अडचण आहे ती काळ्या जमिनीची. ही जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यात नुसता चर खणून नळ टाकला तर दोन-तीन वर्षांत तो कोठे उचलला जातो, कोठे दबतो, सांधे सुटतात, आणि मोजून दिलेला उतार उलटा होतो. चर थोडा अधिक खोल घ्यावा, तळाशी वाळूचा जाड थर द्यावा, नळाच्या भोवतीही वाळूच भरावी. भिंतीतून नळ जातो तेथे भोवती जरा मोकळी जागा सोडावी. भिंत आणि जमीन एका मापाने हलत नाहीत. प्रत्येक वळणावर चेंबर हवे, मग ते हातभराचे का असेना. जो चेंबरला नको म्हणतो तो पुढे फरशी फोडण्यास हो म्हणतो.

ही विद्या काही साहेबाने येथे आणली असे नव्हे. याच गुजरातेत लोथल येथे १९५५ पासून पुरातत्त्ववेत्ते एस. आर. राव यांनी उत्खनन केले, तेव्हा चार हजार वर्षांपूर्वीच्या घरांतील न्हाण्या, त्यांना जोडलेल्या विटांच्या उतरत्या मोऱ्या आणि पाणी मुरविण्याचे रांजण उघडे झाले. योगायोग असा की १९९५ मध्ये सुरतेची साफसफाई ज्यांनी हाती घेतली त्या महापालिका आयुक्तांचे नावही एस. आर. राव हेच. गृहस्थ दोन, आडनाव व आद्याक्षरे एक, आणि दोघांचाही गटारांशी संबंध! १९९४ च्या सप्टेंबरात सुरतेस प्लेगची साथ आली आणि लाखो माणसे रेल्वेने, मोटारीने शहर सोडून गेली; त्यांत खानदेशाकडे परतलेलीही पुष्कळ होती. प्लेग गटारातून येत नाही, तो उंदीर व पिसवांतून येतो, हे खरे. परंतु पुराचे पाणी, तुंबलेली गटारे आणि कुजणारा कचरा या साऱ्यांचा विचार करणे शहरास त्या वर्षी भाग पडले.

पुराचे नाव निघाले म्हणून सांगतो. २००६ च्या ऑगस्टमध्ये उकाई धरणातून सुमारे नऊ लाख क्युसेक पाणी तापीत सोडले गेले आणि सुरतेचा बहुतेक भाग बुडाला. अशा वेळी गटाराचे पाणी घराकडे उलटे चालते आणि तळमजल्याच्या संडासातून वर येते. कडोदरा तापीकाठी नसले तरी खाड्या चढल्या म्हणजे हा अनुभव दूर नाही. शेवटच्या चेंबरमध्ये एकाच दिशेने उघडणारी झडप बसविली तर उलटे पाणी अडते. तिच्यातील कचरा पावसाळ्यापूर्वी काढीत जावे. पण पुष्कळदा दोष नदीचा नसतोच, आपल्या गच्चीचा असतो. आपल्या मापाच्या घराची गच्ची पन्नास चौरस मीटर धरा. तासात दोन इंच पाऊस पडला तर तिच्यावरून अडीच हजार लिटर पाणी उतरते. ते संडासाच्या नळात सोडले की चेंबरची झाकणे उडणारच. पावसाच्या पाण्यास स्वतंत्र नळ हवा. त्याचप्रमाणे मोरीचे व स्वयंपाकघराचे पाणी संडासाच्या नळात घरातल्या घरात मिसळू नये. ते बाहेर गली ट्रॅपमध्ये सोडून मगच चेंबरला जोडावे.

आतापर्यंत गटार दारापर्यंत आले आहे असे धरून आम्ही लिहिले. जेथे ते आलेले नाही तेथे प्रश्न अधिक कठीण आहे. तेथे सेप्टिक टाकी आणि तिचे पाणी मुरविण्यास शोषखड्डा, ज्याला येथे गुजरातीत खाळकूवो म्हणतात, तो करतात. आणि त्याच जागेत पिण्याच्या पाण्याची बोअरही असते! शोषखड्डा पिण्याच्या पाण्याच्या उगमापासून किमान अठरा मीटर दूर असावा, असे मानक सांगते. आपली जागा पंचेचाळीस फूट, म्हणजे पावणेचौदा मीटर खोल. बोअर एका टोकास व खड्डा दुसऱ्या टोकास घेतला तरी हिशेब बसत नाही. शिवाय शेजाऱ्याची बोअर भिंतीपलीकडेच असते. त्यातून काक्रापार-उकाईच्या कालव्यांनी भिजणारा हा उसाचा प्रदेश, जमिनीतील पाणी पुष्कळ ठिकाणी वर. गणित एकट्या घराने सुटणारे नाही. घरोघरी खड्डे न करता सोसायटीने वसाहतीच्या एका कडेस सामाईक टाकी करावी व पाण्याची व्यवस्था दूरवरून करावी, एवढाच मार्ग आम्हांस दिसतो. बांधकाम सुरू होण्यापूर्वी चार घरे एकत्र बसली तर हे होते; नंतर कोणी जागा देत नाही.

सेप्टिक टाकीलाही हवेची नळी लागते, आणि टाकी घराशेजारी असल्याने तीही घराच्या माथ्यावर दोन मीटर न्यावी लागते. टाकीत मिथेन व हायड्रोजन सल्फाइड हे वायू तयार होतात. पहिल्याला वास नसतो आणि तो पेट घेतो. दुसऱ्याला थोडा असताना सडक्या अंड्यासारखा वास येतो. तो वाढला म्हणजे नाकच बधिर होते आणि वास गेला असे वाटते. टाकीत उतरलेला मनुष्य त्या क्षणी फसतो. त्याला काढावयास दुसरा उतरतो, तोही परत येत नाही. वर्तमानपत्रांत अशा बातम्या वर्षानुवर्षे येत आहेत, आणि त्यांतील माणसे बहुधा गरिबांतील गरीब असतात. नळी आहे म्हणून टाकीत उतरणे सुरक्षित झाले, असेही कोणी समजू नये. २०१३ च्या कायद्याने गटारात किंवा टाकीत संरक्षक साधनांवाचून माणूस उतरविण्यास बंदी केली आहे, आणि ही बंदी नगरपालिकेप्रमाणेच घरधन्यासही लागू आहे. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारात मृत्यू पावलेल्या कामगाराच्या कुटुंबास तीस लाख रुपये भरपाई ठरविली. पण हे सारे नंतरचे. माणूस आत उतरवावा लागेल की नाही हे टाकी बांधतानाच ठरते. झाकण फरशीखाली गाडलेले, टाकी स्वयंपाकघराखाली, गल्लीतून सक्शनच्या गाडीचा नळ पोचत नाही, अशी टाकी ज्याने बांधली त्याने त्या माणसाला आधीच बोलावून ठेवले आहे. झाकण उघड्या जागी, हाताने उचलता येईल असे, रस्त्यापासून गाडीचा नळ पोचेल अशा अंतरावर हवे, आणि दोन-तीन वर्षांनी टाकी गाडीकडून उपसून घ्यावी.

याच वायूचे दुसरे रूप महाराष्ट्रात पाहावयास मिळाले. कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी संडास व गोबरगॅस यांचे प्रयोग केले, आणि त्यांच्यापासून प्रेरणा घेऊन देहूचे डॉ. मापुसकर यांनी मैल्यावर चालणारा गॅसचा संच सिद्ध केला. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री देण्यात आली. टाकीत माणूस मारणारा वायू त्यांच्या संचात चुलीखाली जळतो. सोसायटीची सामाईक टाकी करावयाची असेल तर असा संच पाहून येण्यास हरकत नाही.

शेवटी परीक्षेविषयी. नळ बुजविण्यापूर्वी, प्लास्टर होण्यापूर्वी, घरधन्याने स्वतः उभे राहून ती घ्यावी. खालचे तोंड बंद करून नळ पाण्याने भरावा आणि पाण्याची पातळी उतरते का ते पाहावे. मग पाणी सोडून वरच्या चेंबरमधून नळाच्या व्यासाहून अर्धा इंच लहान असा गुळगुळीत चेंडू सोडावा. तो खालच्या चेंबरमध्ये आपोआप आला पाहिजे. न आला तर आत सिमेंटचा गोळा आहे किंवा उतार गेला आहे. हे झाल्यावर सारे ट्रॅप भरून वरच्या मजल्यावरील संडासात बादलीभर पाणी एकदम ओतावे, आणि एकाने खाली न्हाणीशी कान देऊन बसावे. गुडगुड ऐकू आली तर प्लास्टर थांबवावे. सर्व ठीक असेल तर घराचा नकाशा कागदावर काढून प्रत्येक चेंबर, वळण आणि बुजविलेला नळ भिंतीपासून किती फुटांवर आहे ते त्यावर लिहावे. चर उघडे असताना फोनने छायाचित्रे घ्यावीत, आणि कागदाची एक प्रत घराच्या दस्तऐवजांबरोबर ठेवून दुसरी वरच्या माळ्याच्या दाराला आतून चिकटवावी.